चौरंगावरच्या डब्या

लग्न होऊन नीलम्मा सेलूला आली, तेव्हा पहिले आठ दिवस तिला नवऱ्याचा आवाज धड ऐकायला मिळाला नाही. चन्नप्पा मुका नव्हता. 'हां', 'न्हाई' आणि 'सांगतो' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. नवव्या दिवशी तो जिनिंगमधून आला, अंगावरचा कापूस झटकला, हातपाय धुतले आणि खुंटीवरची गिटार काढून पत्र्याच्या पेटीवर बसला. तासभर वाजवत राहिला. चुलीपाशी बसलेल्या नीलम्माला हायसं वाटलं.

हंगामात तो जिनिंगच्या मशीनवर असायचा आणि उरलेल्या वेळात बन्सीधरच्या ऑर्केस्ट्रात. लग्नं, जत्रा, गणपती, जिथून बोलावणं येईल तिथं. जिनिंगमध्ये त्याला कोणी नावानं हाक मारत नसे, 'ए तीन नंबर' म्हणत. तीन नंबरच्या मशीनवर तो होता म्हणून. बन्सीधर मात्र माइकवरून सांगायचा, "गिटारवर आहेत, सेलूचे चन्नप्पा!" आणि माणसं टाळ्या वाजवायची. वर्षातून वीस-पंचवीस वेळा त्याला त्याचं नाव असं ऐकायला मिळे. नीलम्मा कधी कार्यक्रमाला गेली, तर टाळ्यांकडे नाही, त्याच्या मानेकडे बघत बसायची. एरवी खाली असलेली मान तेवढ्यापुरती वर व्हायची.

गिटारच्या आवाजात करामत करायला त्यानं हैदराबादच्या एका कारागिराकडून एक डबी आणली होती. लोखंडी, विटेएवढी, वर एक खटका. गिटारची वायर डबीत घालायची, डबीतून दुसरी वायर भोंग्याच्या मशीनला न्यायची, आणि खटका दाबला की तोच सूर खरखरीत, दाटून आल्यासारखा निघायचा. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून खटका पायानं दाबायचा. डबी बनवलीच तशी होती.

दसऱ्याला गिटारची पूजा झाली, तेव्हा त्याची आई शिवम्मा हिनं डबीलाही विभूती लावली, फूल वाहिलं. दोन दिवसांनी तिनं पाहिलं, चन्नप्पा त्याच डबीवर पाय देऊन उभा.

"आरं, परवा पूजलेल्या वस्तूला लाथ मारायलास?"

"माय, ती पायानंच दाबायची असती."

"ज्यानं बनवली त्याच्यात चालत आसंल. विद्येला पाय लावलेलं मी आजवर बघितलं न्हाई, अन् माझ्या घरात बघणार न्हाई."

वाद घालणं चन्नप्पाच्या स्वभावात नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही ते थोडं पटलं असावं. शिवम्मानंच आपल्या देवघरातला जुना चौरंग काढून दिला. चौरंगाला खाली बांबूचे पाय ठोकून चन्नप्पानं तो कमरेएवढा उंच केला. डबी वर, हाताशी. गाण्याच्या ओळीत जिथं श्वास घ्यायला जागा असते, तिथं तो उजवा हात झटकन नेऊन खटका दाबायचा. ते त्याला जमलं.

दिवाळीनंतर हैदराबादहून दुसरी डबी आली. ही आवाज मोठा आणि धारदार करायची; किती, ते तिच्या बटणानं ठरायचं. दोन्ही डब्या चौरंगावर एकापुढं एक बसल्या. आता वायरी वाढल्या: गिटारकडून येणारी एक, मशीनकडे जाणारी एक, आणि डब्यांना करंट पुरवणारी तिसरी. चौरंगाच्या उंचीमुळं त्या लांब लागल्या. अशा कामाला लागणारी, वरून बारीक तारेची जाळी विणलेली वायर एवढी लांब सेलूत मिळेना, म्हणून चन्नप्पानं साधी वापरली. त्या रोज गुंतायच्या, आणि स्टेजवर कोणीतरी त्यांच्यावर पाय द्यायचं. शिवम्मा म्हणाली, "आता वायरीला तरी पाय लागू देऊ नका."

गल्लीतल्या नवऱ्यामुलींच्या वेण्या नीलम्मा घालायची. तिची वेणी दोन दिवस सुटत नसे. तिनं एका दुपारी तिन्ही वायरी घेतल्या आणि पेडावर पेड घालत एक घट्ट, सरळ वेणी घातली. चौरंगाच्या कडेला खिळे मारून ती पक्की केली. चन्नप्पानं बोटानं वेणी चाचपून पाहिली. "लय झ्याक झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य आल्यामुळं ती दोन दिवस खुशीत होती.

माघात बोरीला एका लग्नात पहिल्यांदा शिट्टी वाजली.

चन्नप्पानं दुसऱ्या डबीचा खटका दाबला आणि भोंग्यातून अशी किंकाळी निघाली की पंगतीतल्या बाया कानावर हात ठेवून उठल्या. त्यानं तारांवर हात दाबला, शिट्टी थांबेना. गिटारचं बटण बंद केलं, तरी थांबेना. खटका सोडला तेव्हा थांबली. नवरदेवाचा मामा ओरडला, "अहो, गाडी सुटली, बसा बसा!" मांडव हसला. पुढचं सगळं लग्न त्यानं साध्या आवाजात काढलं.

पुढच्या दोन कार्यक्रमांत तसंच झालं. एकेकटी डबी चालवली की काही नाही, दोन्ही मिळून चालवल्या की शिट्टी. म्हणजे दोष नव्या डबीत, असं सगळ्यांनी ठरवलं. शिवम्मानं डबीची दृष्ट काढली. बन्सीधरनं चन्नप्पाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, मी तुम्हाला काढत न्हाई. पण शिवरात्रीनंतर वालूरची जत्रा हाय. तिथून तालुक्याची सगळी कामं मिळतात. वालूरला शिट्टी वाजली, तर गिटार बंद. परभणीत आता एका पेटीत सगळी वाद्यं निघायलेत, क्यासिओ म्हणतात."

"एकाच डबीवर वाजवतो," चन्नप्पा म्हणाला.

"जत्रेत दहा हजार माणूस. जोर पाहिजे. लोकांना सिनेमातल्यासारखं लागतं."

सेलूत असल्या कामाचा एकच माणूस होता, सूर्यभान. रेडिओ, टेप, भोंगे, सगळं तो करायचा. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत गाव सोडून सेलूला आला आणि स्टेशन रोडवर एक टपरी टाकून बसला. टपरीच्या दारावर नामांतराच्या सभेचं पत्रक चिकटवलेलं असायचं. जुनं फाटलं की तो त्याच्यावरच नवं लावायचा. त्याच्याकडे सगळ्या गावाचे रेडिओ जायचे. बिघडलेला रेडिओ टपरीत जायचा, बरा होऊन परत यायचा. सूर्यभान कोणाच्या घरात जायचा नाही. कोणी तसा नियम लिहून ठेवला नव्हता.

चन्नप्पानं दोन्ही डब्या पिशवीत घालून नेल्या. सूर्यभाननं त्या उघडल्या, टाके बघितले, स्वतःच्या हातभर वायरींनी जोडल्या, गिटार लावली, खटके दाबले. आवाज कापसासारखा मऊ, मग खरखरीत, मग धारदार. शिट्टी नाही.

"ह्यात कायबी न्हाई," सूर्यभान म्हणाला.

घरी आणून चौरंगावर जोडल्या. किंकाळी.

दुसऱ्यांदा नेल्या. काही नाही. घरी किंकाळी. शिवम्मा म्हणाली, "त्याच्या दुकानातून काय घेऊन येतोस की तू घरात!" तिसऱ्यांदा चन्नप्पा गेलाच नाही. लोक हसतील, ह्याला वाजवता येत नाही म्हणतील, ह्याची त्याला धास्ती बसली होती. तो जिनिंगमधून यायचा, गिटारकडे पाठ करून जेवायचा. मग नीलम्मा बाजाराच्या निमित्तानं डब्या घेऊन गेली.

"वहिनी, तुमी?" सूर्यभान स्टुलावरून उठला. "मास्तर कुठायत?"

चन्नप्पाला 'मास्तर' म्हणणारा गावात हा एकटाच होता.

"त्यांना काम हाय. भाऊ, खरं सांगा, काय बिघडलंय? वालूरला चार दिवस राहिलेत."

"डबी बिघडलेली न्हाई. माझं म्हणणं पयल्या दिवसापासून तेच हाय. आता मला सांगा, शिट्टी वाजायली का भोंगा पार बारीक करून बघता का?"

"करतेत."

"मग थांबती?"

नीलम्मानं आठवून पाहिलं. "थांबत न्हाई. बारीक होऊन वाजतच राहती. भिंतीआड पोर रडल्यागत."

सूर्यभाननं मांडीवर थाप मारली. "बघा! भोंग्याचा आवाज गिटारमध्ये शिरत आसता, तर भोंगा बारीक केल्यावर थांबली आसती. म्हंजे भोंग्यापर्यंत जायच्या आधीच निघालेला आवाज कुठूनतरी मागं वळायलाय. वळून परत डबीत शिरायलाय, तिथून मोठा होऊन परत वळायलाय. कुठून वळतो, ते बघाय पाहिजे. सगळं लावलेलं बघाय पाहिजे."

"घरी?"

"घरी." तो डब्या पिशवीत भरू लागला. "न्हाईतर तो चौरंग, वायरी, जसंच्या तसं इथं आणा. सोडून आणू नका."

नीलम्मानं पिशवी उचलली. चौरंग देवघरातला होता.

"आत न्हाई यायचं मी," सूर्यभान हसून म्हणाला. "वहिनी, मला तुमच्यात बसून जेवायचं न्हाई. उंबऱ्याभाईरून बघतो. पाच मिनटं."

तिनं घरी येऊन सासूला सांगितलं. शिवम्मा वाती वळत होती. वळता वळताच म्हणाली, "करंटचं बटण कुठं हाय? आतल्या खोलीत. चौरंग कुठं हाय? आतल्या खोलीत. उंबऱ्यावरून काय दिसणारंय त्याला? उद्या म्हणशील, आत येऊ द्या."

"आत्या, मग मी चौरंग घेऊन जाते त्यांच्याकडं. परत आणल्यावर धुऊन घेऊ."

"डोक्यावर देवाचा चौरंग घेऊन स्टेशन रोडनं जाशील? जा. गल्ली बघंल. मला कोणाचं वैर न्हाई, नीलम्मा. तो माणूस चांगला हाय, माझा रेडिओ त्यानंच नीट केला. पण चांगला हाय म्हणून चालत न्हाई. ज्याचं त्याच्या जागी."

"ह्यांची जागा जायलीय, आत्या."

"गिटार गेली तर जिनिंग हाय."

नीलम्मानं त्या रात्री नवऱ्याला विचारलं. तो आढ्याकडे बघत होता. "मायला इचारलंस ना," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी शिवम्मा देवळात गेली असताना नीलम्मानं चौरंग उचलून पाहिला. जड नव्हता. तिनं तो दारापर्यंत आणला. समोरच्या ओट्यावर कस्तुराबाई तांदूळ निवडत बसली होती. "कुठं गं?" तिनं विचारलं. नीलम्मा म्हणाली, "ऊन दाखवाय आणला," आणि चौरंग उन्हात ठेवून, थोड्या वेळानं परत आत नेला.

वालूरला जायच्या दिवशी चन्नप्पानं दुसरी डबी नव्या फडक्यानं पुसली. शिट्टी वाजू नये म्हणून तिचं बटण अगदी खाली ठेवायचं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि घरी एकदा तसं केल्यावर शिट्टी वाजली नव्हतीही. नीलम्मा सोबत गेली. दिवस मावळायला कार्यक्रम सुरू झाला. पहिली चार गाणी बरी गेली. पाचव्याला बन्सीधरनं त्याचं नाव घेतलं, चन्नप्पाची मान वर झाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तसा त्याला जोर चढला आणि त्यानं डबीचं बटण वर नेलं.

चार भोंगे होते. किंकाळी निघाली तेव्हा देवळाच्या कळसावरची कबुतरं उठली. बन्सीधरचा मेहुणा मशीनवर होता, तो उलटसुलट बटणं फिरवू लागला. चन्नप्पानं खटका दाबला, तो अडकला. वायर उपटावी तर वेणी खिळ्यांनी पक्की. त्यानं दोन्ही हातांनी चौरंग धरला आणि दाताचं दुखणं आलेल्या माणसासारखा गच्च डोळे मिटून उभा राहिला. कोणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं, मग चप्पल. शेवटी मेहुण्यानं सगळा करंटच बंद केला आणि जत्रा अंधारात हसू लागली.

बन्सीधर वाईट माणूस नव्हता. परतीच्या टेम्पोत तो चन्नप्पाशेजारी बसला आणि म्हणाला, "जिनिंगचं काम चालू ठेवा, मास्तर." आजवर त्यानं कधी मास्तर म्हटलं नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात परभणीचा एक पोरगा क्यासिओ घेऊन ऑर्केस्ट्रात आला.

होळीनंतर शिवम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेली. ती गाडीत बसली त्याच दिवशी नीलम्मा स्टेशनवरून परस्पर टपरीवर गेली. आता कशासाठी, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. नुसतं कळलं तरी पुरे, असं तिला वाटत होतं.

रविवारी सूर्यभान आला. उंबऱ्यावर थांबला. चन्नप्पा घरात होता. तो बघत राहिला. नीलम्मा म्हणाली, "आत या, भाऊ." सूर्यभाननं चपला काढल्या. भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर होती, तिच्याकडे त्याची नजर गेली. "ह्यांचा फोटो आमच्या वाचनालयातबी हाय," तो म्हणाला आणि चौरंगापुढं उकिडवा बसला.

त्यानं डब्यांना हातही लावला नाही. वेणीवरून बोट फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही कोणी घातली?"

"म्या," नीलम्मा म्हणाली.

सूर्यभाननं बोट मागं घेतलं. "लय देखणी घातलीय, वहिनी. पण आत जाणारी वायर अन् भाईर येणारी वायर अशा गळ्यात गळा घालून ठेवल्या, की एकीतलं दुसरीत उतरतं. साध्या वायरी हायत, वरून जाळी न्हाई. एका डबीवर आवाज लहान, तवा कळत न्हाई. दोन्ही लावल्या की..." त्यानं हाताचं वर्तुळ करून दाखवलं. "डब्या माझ्याकडं यायच्या. ही घरीच राहायची."

खिळे काढले. नीलम्मानंच वेणी उलगडली. दुसऱ्या कोणाला ती सुटली नसती. सूर्यभाननं एक वायर डाव्या भिंतीनं सोडली, एक उजव्या. खिशातून जाळीच्या वायरीचे दोन तुकडे काढून जोडले. "वाजवा, मास्तर."

चन्नप्पानं गिटार घेतली. पहिला खटका. दुसरा. बटण शेवटपर्यंत. स्वच्छ सूर निघाला आणि त्या दोन खोल्यांत भरून राहिला. शिट्टी नव्हती. तो वाजवत राहिला. वाजवताना त्यानं एकदाही बायकोकडे पाहिलं नाही. ती खाली बसून हातातली मोकळी वायर सरळ करत होती, वेणीच्या वळ्या काही जाईनात.

निघताना सूर्यभान म्हणाला, "आमची एक पार्टी हाय. भीमगीतांची. चौदा एप्रिलला स्टेशनापुढं मोठा कार्यक्रम हाय, अन् मग उन्हाळाभर परभणी, जिंतूर, सगळीकडं. आमच्यात गिटार न्हाई. तुमी या, मास्तर. तुमचं नाव घेऊन सांगू."

चन्नप्पाचा चेहरा असा झाला की नीलम्माला दुसरीकडे बघावं लागलं. "येतो," तो म्हणाला. हा शब्द तिनं त्याच्या तोंडून क्वचित ऐकला होता.

आठ दिवस तो जिनिंगमधून पळत यायचा. सूर्यभाननं दिलेल्या कॅसेटवरून गाणी बसवायचा. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर चालायची. एकदा त्यानं नीलम्माला विचारलं, "तू येशील ना बघाय?"

नवव्या दिवशी शिवम्मा परत आली. बोचकं खाली ठेवायच्या आधीच कस्तुराबाईनं ओट्यावरून सांगितलं, "शिवम्मा, तुमच्याकडं आतल्या खोलीत सूर्यभान आला होता म्हणं. फोटोबिटो बघून गेला. चन्नप्पा आता त्यांच्या पार्टीत वाजवणार म्हणं."

शिवम्मा ओरडली नाही. तिनं आतली खोली सारवली, सगळी भांडी घासली, कपडे धुतले. मग ओसरीवर भिंतीला टेकून बसली. इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"आत्या, पूजा मांडू?" नीलम्मानं विचारलं.

"कुठं मांडतीस? ज्या घरातून उद्या माझा ल्योक त्यांच्या मांडवात जाऊन बसणारंय, त्या घरात?"

संध्याकाळ झाली, सकाळ झाली. चैत्राचं ऊन. दुपारी म्हातारीचे ओठ चिकटले. कस्तुराबाई आणि आणखी दोघी येऊन बसल्या, पदरानं वारा घालू लागल्या. चन्नप्पा जिनिंगमधून आला. ओसरीवरच्या आईजवळ उभा राहिला. आत जाऊन गिटार भिंतीवरून काढली, तिला खोळ घातली, आणि पत्र्याच्या पेटीच्या मागं उभी करून ठेवली. मग बायकोला म्हणाला, "त्यांना सांगून ये."

"काय सांगू?"

 बाहेर शिवम्मानं पूजेचं पाणी मागितलं.

टपरीत सूर्यभान एका हार्मोनियमवाल्याशी बोलत होता. नीलम्माला बघून उठला. "वहिनी, आज सगळे रात्री तालमीला बसणार हायत. मास्तरांना..."

"त्यांच्या हाताला लागलंय," ती म्हणाली. "मशीनमध्ये बोट सापडलं."

सूर्यभान तिच्याकडे बघत राहिला. जिनिंग सुटल्याचा भोंगा होऊन तासही झाला नव्हता. सुटलेली माणसं स्टेशन रोडनंच गेली होती, आणि त्यांच्यात चन्नप्पा दोन्ही हातांनी सायकल धरून गेला होता.

"जास्त लागलं का?" त्यानं विचारलं.

"हां."

"बरं झालं वेळेवर सांगितलं. न्हाईतर वाट बघत बसलो आसतो." त्यानं स्टूल ओढलं आणि खाली बसून हार्मोनियमकडे वळला. नीलम्मानं हातातली पिशवी उघडली. पिशवीत तिनं जाळीच्या वायरीचे ते दोन तुकडे परत द्यायला आणले होते. ते तिनं पत्रकाखालच्या फळीवर ठेवले आणि निघाली.

चौदा एप्रिलला स्टेशनाकडून गाण्यांचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. चन्नप्पानं त्या दिवशी जिनिंगमध्ये जादा पाळी मागून घेतली.

पावसाळा आला, गेला. वर्षभर कोणी गिटारचा विषय काढला नाही. एका सकाळी नीलम्मानं त्याच्यापुढं चहाचा पितळी पेला ठेवला. कितीही कढत असला तरी तो डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर पेला तोलून प्यायचा. तारांनी त्या टोकांवर घट्टे पडलेले होते, चटका लागत नसे. त्या दिवशी त्यानं पेला उचलला आणि हात झटकन मागं घेतला. चहा सांडला.

"सावकाश रं," शिवम्मा म्हणाली.

तो आपली बोटं उजेडात धरून बघत होता. नीलम्मानं फडकं आणलं आणि सांडलेलं पुसून घेतलं.